स्वायत्त चेतासंस्थेची उजळणी आणि आजीचा विंचू

१८ नोव्हेंबर, माणगाव. रात्रीचे साडेदहा.

आज परीक्षेच्या उजळणीचा बत्तिसावा दिवस. सकाळी सहाला औषधशास्त्रातील स्वायत्त चेतासंस्थेचे (नाडी, घाम, बाहुल्या अशा आपोआप चालणाऱ्या क्रिया सांभाळणाऱ्या चेतातंतूंचे) प्रकरण उघडायचे, दुपारपर्यंत ते संपवायचे आणि संध्याकाळी नेत्रविकार घ्यायचे, असे वेळापत्रकात लिहिले होते. प्रत्यक्षात दिवसभरात ते एकच प्रकरण झाले. वेळापत्रक मोडल्याची मला खंत वाटत नाही, आणि ती का वाटत नाही हे आज लिहून ठेवायचे आहे.

किर्गिझस्तानातील बिश्केकहून वैद्यकीय पदवी घेऊन परतल्यावर मी एफएमजीईला, म्हणजे परदेशी पदवी घेतलेल्यांना भारतात डॉक्टर म्हणून काम करण्यासाठी द्यावी लागणाऱ्या परीक्षेला, पहिल्यांदा बसले तेव्हा ३०० पैकी १३८ गुण मिळाले. उत्तीर्ण व्हायला १५० लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणजे माझ्याकडून बारा उत्तरे कमी पडली. निकालानंतर आठवतील तेवढे प्रश्न कागदावर उतरवले, तेव्हा लक्षात आले की मला अजिबात न येणारे विषय त्यात थोडेच होते. बहुतेक प्रश्न ‘हे तर येते’ म्हणून मी मागे टाकलेल्या भागांतले होते. औषधशास्त्राला थेट गुण १३च असल्यामुळे तो विषय मी दोन रकान्यांच्या वहीत बसवला होता: डावीकडे आजार, उजवीकडे औषध. विंचूदंश, प्राझोसिन. कीटकनाशकाची विषबाधा, अॅट्रोपिन. नागदंश, अँटिव्हेनम (विषावरचा उतारा) आणि निओस्टिग्मिन. परीक्षेत मात्र रकाना येत नाही, माणूस येतो. त्याची नाडी, रक्तदाब, बाहुल्या, घाम आणि श्वास सांगितले जातात आणि आता पुढे काय करणार, असे विचारले जाते.

म्हणून आज विंचूदंशापासूनच सुरुवात केली. लाल विंचवाचे विष चेतातंतूंच्या सोडियम वाहिन्या नीट बंद होऊ देत नाही, त्यामुळे स्वायत्त चेतासंस्था अनावर संदेश सोडत राहते. सुरुवातीला उलट्या, लाळ आणि भरपूर घाम दिसतो; पाठोपाठ अॅड्रेनॅलिन आणि नॉरअॅड्रेनॅलिनचा लोंढा येतो, अल्फा रिसेप्टर (पेशीवरची संदेश घेणारी जागा) उत्तेजित होऊन रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदयावरचा भार वाढत जातो आणि शेवटी फुप्फुसांत पाणी साचते. ही साखळी एकदा क्रमाने मांडली की प्राझोसिन पाठ करावे लागत नाही, कारण ते औषध नेमके अल्फा-१ रिसेप्टर अडवते. आमच्या शेजारच्या महाड तालुक्यात डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात विंचूदंशाच्या रुग्णांवर याच औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून तो जगापुढे मांडला. ज्या ज्ञानाची घडण माझ्या घरापासून इतक्या जवळ झाली, ते मी वहीत एका शब्दापुरते ठेवले होते, याचे मला आज मनापासून वाईट वाटले.

दुपारी जेवताना आजीला विचारले. मी दुसरीत असताना जळणाची लाकडे काढताना तिला विंचू चावला होता, एवढेच मला आठवत होते.

‘‘अगं, कपाळावरनं घामाच्या धारा, नि हातपाय बर्फासारखे,’’ आजी म्हणाली. ‘‘डॉक्टरांनी एक बारीकशी गोळी दिली नि तुझ्या काकाला बजावलं, हिला उठवायचं नाही. लघवीला उठत होते तर खाटेपाशी भांडंच आणून दिलं.’’

घास तसाच हातात राहिला. प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेनंतर उभे राहिल्यास रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, हे वाक्य मी तासाभरापूर्वीच अधोरेखित केले होते. त्या रात्री प्राथमिक आरोग्य केंद्रात जो कोणी डॉक्टर होता, त्याला हे प्रकरण पुरते समजलेले होते, आणि म्हणूनच माझी आजी आज माझ्यासमोर बसून बोलते आहे.

दुपारनंतर कीटकनाशके घेतली. ऑर्गनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक अॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) बंद पाडते, ते विकर ज्याला मोडते ते चेतातंतूंचा संदेश पोचवणारे रसायन, अॅसिटिलकोलिन, साचते, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात आणि श्वासमार्ग स्रावाने भरतो. माझी जुनी चूक इथेच होती: अॅट्रोपिन किती वेळ द्यायचे, तर बाहुल्या मोठ्या होईपर्यंत, असे मी धरून चालले होते. खरा निकष छाती स्वच्छ ऐकू येणे आणि नाडी व रक्तदाब पुरेसा होणे हा आहे, कारण या रुग्णाचा जीव जातो तो श्वासावाचून. शिवाय अॅट्रोपिन ग्रंथी, हृदय आणि श्वासमार्ग यांच्यावरील मस्कारिनिक रिसेप्टरवर चालते, स्नायूंच्या अशक्तपणावर नाही, म्हणून श्वासाच्या स्नायूंवर वेगळे लक्ष ठेवावे लागते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा मी बिश्केकमध्ये हेच विकर जीवरसायनशास्त्रात शिकत होते आणि बातमीशी त्याचा संबंध जोडला नव्हता.

सापांनी मात्र सर्वांत अधिक वेळ घेतला. नागाचे विष चेता-स्नायू संधीच्या (चेतातंतू आणि स्नायू जिथे भेटतात त्या जागेच्या) पलीकडच्या बाजूला, म्हणजे स्नायूवरच्या रिसेप्टरवर बसते. तिथे अॅसिटिलकोलिन वाढवले तर ते विषाशी स्पर्धा करू शकते, म्हणून अॅसिटिलकोलिन मोडू न देणाऱ्या निओस्टिग्मिनचा उपयोग होतो, आणि त्याचे मस्कारिनिक परिणाम रोखण्यासाठी आधी अॅट्रोपिन द्यावे लागते. मण्यारीचे विष संधीच्या अलीकडच्या बाजूला, चेतातंतूच्या टोकालाच इजा करते. तिथून अॅसिटिलकोलिन सुटतच नसेल तर निओस्टिग्मिन वाढवणार तरी काय? अँटिव्हेनम दिल्यानंतर ते टोक पुन्हा सावरेपर्यंत रुग्णाला व्हेंटिलेटरवर सांभाळणे एवढेच हाती उरते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश फारसा दुखत नाही, खूण धड दिसत नाही, आणि पहाटे पोटदुखी व जड पापण्या घेऊन रुग्ण येतो. आमच्याकडे अजून कितीतरी घरांत लोक जमिनीवर निजतात. अशा रुग्णाला आम्लपित्ताची गोळी देऊन घरी पाठवणारी डॉक्टर मला व्हायचे नाही. वहीत ‘पहाटेची पोटदुखी’ असे नवे पान घातले आणि त्यावर पहिली ओळ लिहिली: पापण्या पाहा.

फुरसे आणि घोणस रक्त गोठू देत नाहीत, तो भाग रक्तविकारांबरोबर घेईन. तूर्त एवढेच नोंदवते की वीस मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीला नवी, कोरडी काचेचीच नळी लागते. प्लास्टिकच्या नळीत रक्त वेळेत गोठेल असे नाही, आणि मग निरोगी माणसालाही विषबाधा झाल्यासारखे वाटेल.

सायंकाळी चाळीस प्रश्न सोडवले, एकतीस बरोबर आले. चुकलेल्या नऊपैकी चार बीटा-ब्लॉकरचे (बीटा रिसेप्टर अडवणाऱ्या औषधांचे) आहेत, ते उद्या पुन्हा पाहायचे. नेत्रविकार सकाळी काचबिंदूच्या थेंबांपासून सुरू करीन, कारण त्यातली पायलोकार्पिन आणि टिमोलोल ही दोन्ही औषधे याच प्रकरणातून निघतात.