वर्षानुवर्षे उभी असलेली व्हिंटेज गाडी रस्त्यावर आणताना : माझा अनुभव

जुनी गाडी ताब्यात आली की पहिला मोह होतो तो बॅटरी लावून स्टार्टर मारून बघण्याचा. तो मी कटाक्षाने टाळला. वर्षानुवर्षे उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा थर उरलेला नसतो. पिस्टनच्या रिंगा गंजाने धरलेल्या असू शकतात, एखादा व्हॉल्व्ह त्याच्या गाइडमध्ये (ज्या नळीत तो सरकतो तिच्यात) अडकलेला असू शकतो. अशा वेळी स्टार्टरचा जोर रिंग मोडतो नाहीतर पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) वाकवतो. आणि समजा इंजिन सुरू झालंच, तर पळणारी पण न थांबणारी गाडी पदरात पडते. म्हणून गाडी थांबेल याची आधी खात्री करायची आणि पळवण्याचं नंतर बघायचं, असं ठरवूनच कामाला लागलो.

गाडी साध्या बांधणीची आहे : चार सिलिंडर, एक कार्ब्युरेटर, 12 व्होल्ट, डायनॅमो, चारही चाकांना ड्रम ब्रेक, ब्रेकचं एकच सर्किट, पुढे किंगपिन (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती) आणि मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा). अशा बहुतेक गाड्यांना पुढचं सगळं लागू पडतं, पण आकडे आपापल्या गाडीच्या मॅन्युअलशी ताडून घ्यावेत.

इंजिनाचं एक काम मात्र पहिल्याच दिवशी केलं, कारण त्याला मुरायला वेळ लागतो. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड आणि ॲसिटोन यांचं समभाग मिश्रण दोन-तीन चमचे सोडलं. ॲसिटोनमुळे तेल पातळ होऊन रिंगांच्या फटीत शिरतं आणि ॲसिटोन उडून गेलं तरी तेल तिथेच राहतं. मिश्रण पेट घेणारं आहे, आणि रंगावर सांडलं तर रंग उतरतो. प्लगची भोकं कापडाच्या बोळ्यांनी बंद केली आणि गाडीखाली गेलो.

गाडी स्टँडवर घेतल्यावर हातोडीच्या दांड्याने सगळा पत्रा ठोकत गेलो. धड पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. जाड काळ्या अंडरकोटखाली गंज लपतो, म्हणून शंका येईल तिथे तो खरवडून काढला. पाट्यांचे हँगर, स्टिअरिंग बॉक्सची जागा, सीटचे बोल्ट आणि ब्रेकचे पाइप जिथून जातात ती कड, या चार ठिकाणी तडजोड नाही. कुजक्या पत्र्यावर नवा पत्रा चिकटवला तर मधल्या फटीत पाणी साठतं, म्हणून चांगला पत्रा लागेपर्यंत कापलं आणि मग वेल्डिंग केलं. वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी आणि बॅटरी गाडीबाहेर काढली.

ब्रेकवर सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तो घालवावाच. ड्रम निघत नसेल तर हातोडी उचलण्याआधी ॲडजस्टर पूर्ण सैल करावा. ड्रमच्या आतल्या कडेला झिजून उरलेली धार शूंना (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांना) अडवून धरते. शूंवरच्या जुन्या लायनरमध्ये (घासणाऱ्या अस्तरात) ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चालावं. ड्रममधली धूळ हवेने उडवायची नाही, कोरड्या ब्रशने झाडायची नाही. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसली आणि फडकं ओलं असतानाच पिशवीत बांधून टाकलं.

व्हील सिलिंडरचे, म्हणजे चाकातले शू ढकलणारे, पिस्टन जवळपास सगळेच जॅम होते. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं, ते पाणी सिलिंडरच्या तळाशी बसतं आणि तिथे खड्डे पडतात. बारीक होनिंगने (आतून दगडाने घासून) डाग जातात, खड्डे जात नाहीत. नखाला खड्डा लागला की तो सिलिंडर बाद, कारण नवा कप वॉशरही (पिस्टनचं रबरी सील) तिथून गळणारच. असे सिलिंडर बदलावेत किंवा त्यांना स्टेनलेसची स्लीव्ह बसवून घ्यावी. कप बसवताना फक्त ब्रेक ऑइल किंवा रबर ग्रीस लावलं. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लागलं तर रबर फुगतं आणि पिस्टन पुन्हा अडकतो.

रबरी होज पाइप बाहेरून कितीही चांगले दिसले तरी सगळे बदलले. जुना होज आतून फुगतो. पायाच्या जोराने ऑइल त्यातून पुढे जातं, पण शूंच्या स्प्रिंगला ते परत ढकलता येत नाही. मग एक चाक घासत राहतं आणि माणूस सिलिंडरमध्ये दोष शोधत बसतो. लोखंडी पाइपांच्या जागी तांबे-निकेलचे घातले, कारण ते गंजत नाहीत. फ्लेअरचा, म्हणजे पाइपाच्या पसरवलेल्या टोकाचा, आकार जुन्या पाइपासारखाच हवा, नाहीतर जोड कितीही आवळला तरी पाझरतो.

मास्टर सिलिंडरची (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरची) एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पेडलचा पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात जरासा मोकळेपणा हवा. तो नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि परतीचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं. गरम होऊन प्रसरण पावलेल्या ऑइलला टाकीत परत जायला वाट मिळत नाही, आणि काही किलोमीटरनंतर चारही चाकं आपोआप धरू लागतात.

ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातलं, डॉट 4 प्रतीचं वापरलं. ताज्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावरची किमान मर्यादा 155 पर्यंत उतरते. शू ड्रमला टेकतील इतके ॲडजस्टर आवळले आणि सर्वांत लांबच्या चाकापासून हवा काढत आलो. शेवटी पेडल मिनिटभर जोरात दाबून धरलं. पेडल हळूहळू खाली जाऊ लागलं तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे कप ऑइल मागे सोडताहेत. सर्किट एकच असल्यामुळे एक जोड फुटला की पूर्ण ब्रेक जातो. त्या क्षणी हँडब्रेकच उरतो, म्हणून त्याच्या केबलही तितक्याच काळजीने सोडवून, ग्रीस भरून बसवल्या.

टाकी उघडली तेव्हा आत पेट्रोलऐवजी वार्निशसारखा चिकट राळ आणि गंजाची पूड होती. गेज युनिट काढून टाकी गरम पाण्याने आणि साबणाने पुन्हापुन्हा धुतली. मग आत नटबोल्ट टाकून हलवली आणि सायट्रिक ॲसिडचं द्रावण, एक लिटर पाण्याला साधारण 100 ग्रॅम, भरून ठेवलं. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवली. ओला उघडा पत्रा बघता बघता पुन्हा तांबूस होतो, म्हणून थोडं तेल मिसळलेलं पेट्रोल आत फिरवून घेतलं. आतून लावायच्या सीलंटचा थर मी दिला नाही. टाकी छिद्रांनी चाळण झाली असेल तरच तो द्यावा, कारण पुढे सुटला तर त्याच्या साली थेट पेट्रोल लाइनमध्ये जातात. रबरी नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्याच घ्याव्यात, जुन्या प्रकारचं रबर आजच्या पेट्रोलमध्ये मऊ पडून तडकतं. टाकी आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक फिल्टर लावला.

पंपाचा डायफ्राम नवा घातला. तो फाटला तर पेट्रोल सम्पमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतं, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगं जातात. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर पहिला संशय इथेच घ्यावा. कार्ब्युरेटर पूर्ण उघडला. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रात, लोखंडी तार घालू नये. छिद्र शतांश मिलिमीटरच्या मापाचं असतं, एक ओरखडा मिश्रण बिघडवायला पुरतो. हवेच्या झोताने आणि फार तर तांब्याच्या मऊ धाग्याने काम होतं. पितळी फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा) गरम पाण्यात बुडवला की छिद्र असल्यास बुडबुडे येतात. फ्लोटने बंद होणाऱ्या नीडल व्हॉल्व्हच्या टोकावर झिजेचं कडं दिसलं तर तो बदलावा, नाहीतर कार्ब्युरेटर भरून वाहतो.

कूलिंगमध्ये फारसं गूढ नाही. ब्लॉकचा ड्रेन कॉक उघडूनही पाणी येत नसेल तर मागे गाळ बसलेला असतो, तो तारेने मोकळा करावा. रेडिएटर खालून वर, म्हणजे उलट्या दिशेने धुतला, होज आणि फॅन बेल्ट बदलले. थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह तापवून पाहिला; उघडण्याचं तापमान त्याच्यावरच कोरलेलं असतं.

विजेच्या कामात बॅटरी जोडण्याआधी एक प्रश्न सोडवलाच पाहिजे : बॉडीला निगेटिव्ह आहे की पॉझिटिव्ह? अनेक जुन्या गाड्या, विशेषतः ब्रिटिश, पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत. पहिल्यांदा बॅटरी थेट न जोडता मध्ये 12 व्होल्टचा बल्ब घातला. सगळी बटणं बंद असताना बल्ब पूर्ण पेटला तर वायरिंगमध्ये शॉर्ट आहे, आणि तो बल्बवर निभावतो, वायर जळत नाही. कापडी आवरणाच्या वायरी वाकवल्यावर तुकडे पडत असतील तर पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) बदलावा. दिवे मंद दिसले म्हणून बल्ब बदलण्याआधी अर्थिंगच्या जागा घासून चकचकीत केल्या. बहुतेक दोष तिथेच मिटले. बॅटरीला आयसोलेटर (ती तोडणारा स्विच) लावला.

सीबी पॉइंटवर (ठिणगीसाठी कॉइलचा प्रवाह तोडणाऱ्या संपर्कांवर) काळा थर चढलेला असतो, तो बारीक कागदाने घासून गॅप 0.4 मिलिमीटर ठेवला. कंडेन्सर आणि प्लगच्या केबल नव्या. ठिणगीचं टायमिंग स्थिर इंजिनावरच बल्बने लावलं : कॉइलची पॉइंटकडची तार आणि बॉडी यांच्यामध्ये बल्ब जोडला की पॉइंट उघडतात त्याच क्षणी तो पेटतो.

मग इंजिनाकडे वळलो. क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे, असं हाताने फिरवलं. जिथे अडलं तिथे जोर न लावता पुन्हा मिश्रण सोडलं आणि थांबलो. फिरू लागल्यावर टॅपेट कव्हर काढून प्रत्येक व्हॉल्व्ह वर-खाली होतोय का ते पाहिलं, टॅपेटचे गॅप फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पट्ट्यांनी) लावले. सम्प उतरवला, तळाशी काळा चिखल होता आणि ऑइल पंपाची जाळी निम्मी बुजलेली होती. नुसतं ऑइल बदलून हा चिखल निघत नाही. नवं 20डब्ल्यू-50 दाटपणाचं मिनरल ऑइल घातलं, झिंकचं प्रमाण चांगलं असलेलं, कारण या इंजिनांचे कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासत चालतात आणि झिंक त्यांची झीज थोपवतं.

प्लग बाहेर आणि कॉइलची तार काढलेली, अशा स्थितीत स्टार्टर थोडा थोडा वेळ फिरवला, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत. मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) मोजलं. आकडा किती यापेक्षा चारही आकडे एकमेकांजवळ आहेत का, हे महत्त्वाचं. कमी निघालेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावं : आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह. माझे शेजारशेजारचे दोन कमी निघाले आणि ऑइलनेही हलले नाहीत. हे हेड गॅस्केटचं लक्षण. हेड उतरवलं, दोन सिलिंडरमधली पट्टी जळालेली होती. हेडचा पृष्ठभाग सरळ पट्टीने तपासून गॅस्केट बदललं.

पहिली सुरुवात उघड्यावर केली, अग्निशामक हाताशी ठेवून. मुरवलेलं तेल जळून सुरुवातीला दाट पांढरा धूर येतो, त्याने घाबरू नये. इंजिन तापल्यावरही तो थांबला नाही तर मात्र कूलंट कमी होतंय का पाहावं. काही सेकंदांत ऑइल प्रेशर दिसलं नाही तर इंजिन लगेच बंद करायचं. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असेल तर पेडल लाकडी दांड्याने दाबून काही दिवस ठेवल्यावर बहुधा सुटते. गिअरबॉक्समध्ये जीएल-4 प्रतीचं ऑइल घातलं. काही जीएल-5 ऑइलं सिंक्रोच्या (गिअर खरखर न होता जुळवणाऱ्या) पितळी रिंगांना खातात.

किंगपिनला ग्रीस भरताना चाक अधांतरी ठेवलं, भार उतरल्याशिवाय ते खालच्या फटीत जात नाही. चाक वर-खाली धरून हलवलं की किंगपिन आणि बेअरिंगची ढिलाई कळते, आडवं धरून हलवलं की टाय रॉडची. काढलेली स्प्लिट पिन परत घातली नाही, तिच्या जागी नवी घातली. टायरला नक्षी भरपूर होती, पण साइडवॉलला भेगा होत्या, म्हणून ट्यूबसकट पाचही बदलले. क्रॉसप्लाय आणि रेडियल या दोन बांधणींचे टायर एका ॲक्सलवर मिसळू नयेत.

पहिली फेरी रिकाम्या सपाट रस्त्यावर, कमी वेगाने. थांबल्यावर लगेच चारही हब (चाकांचे मधले भाग) हाताने चाचपले. एका बाजूचा हब जोडीच्या हबपेक्षा गरम लागला तर त्या चाकाचा ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग जास्त आवळलंय. सुरुवातीच्या फेऱ्यांत पारदर्शक फिल्टरमध्ये तांबूस पूड जमत राहते, तो बदलत राहावा. नवे लायनर ड्रमला बसत जातात तसं पेडल खाली जातं, त्यामुळे ॲडजस्टर पुन्हा फिरवले. चाकांचे नट पुन्हा आवळले. नव्या गॅस्केटमुळे हेडचे नटही, इंजिन थंड असताना, मधून कडेकडे या क्रमाने टॉर्क रेंचने आवळले. हेड खाली बसलं की टॅपेटचे गॅप कमी होतात, म्हणून ते पुन्हा लावले आणि पहिलं ऑइल, काळं दिसायची वाट न पाहता, फिल्टरसकट बदलून टाकलं.