निवेदनाची पोच

रत्नागिरी जिल्ह्यातील एका विनाअनुदानित औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात मी मुख्य लिपिक आहे. शुल्काच्या पावत्या, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि आवक-जावक नोंदवही ही तीन कामे माझ्या टेबलावर असतात, आणि गेल्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ही तिन्ही एकाच दिवशी माझ्या अंगावर आली.

त्या दिवशी पहाटेपासून पाऊस कोसळत होता. साडेदहाच्या सुमारास दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची सत्तर-ऐंशी मुले तासांना न जाता पोर्चमध्ये जमली. त्यांच्या घोषणा पत्र्यावरच्या पावसात विरून जात होत्या, बाहेरून आलेल्या संघटनेच्या दोघा कार्यकर्त्यांचे झेंडे भिजून काठीला चिकटले होते, आणि बंदोबस्तासाठी आलेले हवालदार माझ्याच खिडकीशी उभे राहून चहा घेत होते. शुल्कवाढीविरुद्धची आंदोलने मी याआधीही पाहिली आहेत. दोन तास घोषणा होतात, निवेदन देतानाचा फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी बातमी येते आणि विषय मिटतो. हेही तसेच मिटेल असे मी धरून चाललो होतो.

अकरा वाजता पाच जणांना आत बोलावले. प्राचार्य तेव्हा मुंबईशी फोनवर बोलत होते. आमच्या संस्थेचे बहुतेक पदाधिकारी मुंबईतच राहतात. कोकणातल्या कितीतरी शाळा-महाविद्यालयांप्रमाणे आमचीही संस्था चाकरमान्यांच्या वर्गणीतून उभी राहिली आणि निर्णय अजूनही तिकडेच होतात. त्यामुळे मुले माझ्या टेबलासमोर थांबली. त्यांच्यातील तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने प्लास्टिकच्या फोल्डरमधून आपल्या तीन वर्षांच्या पावत्या आणि आमच्या महाविद्यालयाचा शुल्कनिश्चितीचा आदेश काढून माझ्यासमोर ओळीने मांडला आणि ती म्हणाली, “भाऊसाहेब, यातल्या कुठल्या रकमा मंजूर आहेत, तेवढ्यांवर पेनाने खूण करून द्या.”

तिने तो आदेश शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून छापून आणला होता. 2015 च्या कायद्याने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क हे प्राधिकरण ठरवते. महाविद्यालयाने लेखापरीक्षित हिशेबांसह प्रस्ताव पाठवायचा, प्राधिकरणाने तो तपासून आकडा मंजूर करायचा आणि त्याहून अधिक काही घ्यायचे नाही, अशी ही रीत आहे. या रीतीमागचा इतिहासही आमच्या जुन्या फायलींत आहे. कॅपिटेशन शुल्काला, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या शुल्काबाहेर घेतल्या जाणाऱ्या पैशांना, राज्याने 1987 मध्येच कायद्याने बंदी घातली. 2002 च्या टी. एम. ए. पै खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगी संस्थांना शुल्क ठरवण्याची मोकळीक दिली, पण नफेखोरीला मनाई केली, आणि पुढच्याच वर्षी इस्लामिक अकॅडमी खटल्यात हे शुल्क निवृत्त न्यायमूर्तींच्या समितीने तपासावे असे सांगितले. ही कागदपत्रे मी वर्षानुवर्षे नस्तीला लावत आलो आहे. ती वाचून एखादा विद्यार्थी माझ्यासमोर येईल, हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हते.

मुलीचा प्रश्न नेमका होता, कारण वाढ मंजूर शुल्कात नव्हतीच. ती पावतीच्या तळाशी होती. ‘उपक्रम शुल्क’ आणि ‘डिजिटल सुविधा शुल्क’ अशी दोन नवी शीर्षके यंदा आली होती आणि त्यांची बेरीज साडेनऊ हजार रुपये होत होती. ही शीर्षके जूनमध्ये संगणकात मीच भरली होती. त्यासाठी मला लेखी आदेश मिळाला नव्हता, तोंडी सांगितले गेले होते. तेव्हा माझ्या मनात शंका आली होती आणि मी ती बोलून दाखवली नव्हती.

या रकमेचा भार तिच्यावर का पडतो, हे समजून घेण्यासाठी दुसरा एक कागद पाहावा लागतो. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झाले. निर्णय चांगलाच आहे, माफी मात्र या दोनच शुल्कांना आहे. परंतु गावात पोहोचते ते एवढेच, की मुलींचे शिक्षण आता फुकट झाले. मग पावतीवर हजारांचे आकडे दिसले की काय होते, ते तिने मला सांगितले : “बाबांना वाटतं, मी पैसे दुसरीकडे खर्च करतेय आणि कॉलेजचं नाव सांगतेय.”

तिचे वडील मिरकरवाडा बंदरात एका ट्रॉलरवर खलाशी आहेत. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत आमची शुल्काची मुदत संपते. आंब्याच्या बागेत राबणाऱ्यांचेही फारसे वेगळे नाही, कारण मे महिन्यात आलेला पैसा जून उजाडेपर्यंत उधारीत जिरलेला असतो. दरवर्षी कोणीतरी पालक खिडकीशी येऊन सांगतो, “साहेब, नारळी पुनव झाली की भरतो,” आणि दरवर्षी मी त्यांना विलंब शुल्काचा नियम दाखवतो.

येथे महाविद्यालयाची बाजूही सांगितली पाहिजे. आम्हाला वेतन अनुदान नाही. शिष्यवृत्तीची रक्कम शासनाकडून उशिरा आणि हप्त्याहप्त्याने येते, आणि त्या जुलैमध्ये माझ्यासकट सर्व कर्मचाऱ्यांचे दोन महिन्यांचे पगार थकले होते. नवी शीर्षके त्या खड्ड्यात माती घालण्यासाठीच निघाली होती, असा माझा अंदाज आहे. म्हणजे शासनाने थकवलेले पैसे खलाशाच्या घरातून वसूल होत होते आणि त्यातूनच माझा पगार निघणार होता. हे कळत असल्यामुळे तिच्या कागदांकडे पाहताना माझा हात पेनाकडे गेला नाही. मंजूर रकमांवर खूण मी करून दिली नाही. तेवढे धैर्य माझ्यात नव्हते.

तेवढ्यात शिपाई प्राचार्यांचा निरोप घेऊन आला, “निवेदन ठेवून घ्या, पोच देऊ नका.” कार्यालयात काम केलेल्या कोणालाही या दोन गोष्टींतले अंतर ठाऊक असते. ठेवून घेतलेला कागद हरवू शकतो. आवक क्रमांक पडलेला कागद हरवला, तर कोणाला तरी उत्तर द्यावे लागते. मुलीने निवेदनाची दुसरी प्रत पुढे सरकवली आणि ती काहीच बोलली नाही. मागची चार मुलेही गप्प उभी होती. मी शिक्का शाईच्या पॅडवर दाबला, दोन्ही प्रतींवर उमटवला, तारीख व क्रमांक घातला, सही केली आणि नोंदवहीत विषयाच्या रकान्यात लिहिले : ‘मंजूर शुल्काव्यतिरिक्त आकारणीबाबत’.

दुपारी प्राचार्यांनी पोर्चमध्ये येऊन नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यापर्यंत मुदत वाढवल्याचे आणि विलंब शुल्क न घेण्याचे जाहीर केले. नव्या शीर्षकांचा विचार संस्था करील, असे ते म्हणाले. मुले टाळ्या वाजवून पांगली. ती मुलगी तेवढी खिडकीशी आली आणि पोच असलेल्या प्रतीची झेरॉक्स कुठे मिळेल, असे तिने विचारले. मी तिला आमच्याच यंत्रावर तीन प्रती काढून दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवक-जावक नोंदवही माझ्या टेबलावरून प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेली. ती अजून तिथेच आहे. नोंद करायची असली, की मी दारावर टकटक करून आत जातो.