कोअर, युजर की गाळप? आमची वाटचाल

आम्ही साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. ऊसनोंदीपासून वजनाच्या काट्यापर्यंत आणि काट्यापासून शेतकऱ्याच्या बिलापर्यंत. ऑफिस कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात. खाली लेथ चालतात, वर आम्ही. या धंद्यात नव्याने पडणारी मुलं भेटायला येतात तेव्हा विचारतात, कुठल्या भाषेत लिहिता, क्लाउडवर गेलात का. सॉफ्टवेअर वापरायचे परवाने कसे घेता आणि कसे देता, हे कुणी विचारत नाही. आमचा नफा-तोटा मात्र बराचसा तिथेच ठरला, म्हणून यावेळी तेवढंच लिहितो.

सुरुवात मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल फॉक्सप्रो या प्रोग्राम लिहायच्या साधनावर झाली. त्यात एक मोठं सुख होतं: प्रोग्राम एकदा बांधला की तो चालवायला लागणारा भाग, म्हणजे रनटाइम, कितीही ठिकाणी फुकट द्यायची मुभा होती. आमचा स्वतःचा परवाना म्हणजे प्रिंटरच्या पोर्टला खोचायचं एक लॉक. एक काटा, एक लॉक, एक पावती. २००७ साली मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती निघणार नाही. त्याच सुमारास कारखान्यांनाही शेतकी गट ऑफिसांतून थेट नोंदी हव्या होत्या. म्हणून जावा या भाषेत, ब्राउझरवर चालणारं सगळं नव्याने लिहायला घेतलं.

इथे आमचा प्रोग्राम आणि मशीन यांच्यामध्ये तिसरा गडी आला, ॲप्लिकेशन सर्व्हर. गट ऑफिसातून आलेली मागणी तो घेतो, लॉगिन सांभाळतो, डेटाबेसच्या मोजक्या जोडण्या सगळ्यांत वाटून देतो, मध्येच वीज गेली तर अर्धवट व्यवहार मागे घ्यायला लावतो. काम महत्त्वाचं आहे, पण ते दिसत नाही. आणि न दिसणाऱ्या कामाचे पैसे संचालक मंडळापुढे मांडणं किती अवघड असतं, हे मंडळापुढे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

एका कारखान्याच्या निविदेत सल्लागाराने अट घातली होती की ॲप्लिकेशन सर्व्हर नामांकित कंपनीचाच हवा. म्हणून आम्ही वेबलॉजिक या ॲप्लिकेशन सर्व्हरचं जाहीर दरपत्रक घेऊन बसलो. मूळचा बीईए कंपनीचा हा माल २००८ साली ओरॅकलकडे गेला होता. एंटरप्राइज आवृत्तीचा दर एका प्रोसेसरला २५,००० डॉलर. हे प्रोसेसर कसे मोजायचे? तर इंटेलच्या मशीनवर सगळे कोअर, म्हणजे चिपमधले स्वतंत्र मेंदू, मोजायचे आणि ०.५ ने गुणायचं. आमच्या डोळ्यांसमोरचा सर्व्हर दोन चिपांचा, प्रत्येकी आठ कोअर. सोळा कोअर म्हणजे आठ प्रोसेसर, म्हणजे दोन लाख डॉलर. वर दर वर्षी २२ टक्के सपोर्ट. त्याच मालाची स्टँडर्ड आवृत्ती १०,००० डॉलरला, आणि तिच्यात कोअरऐवजी भरलेले सॉकेट, म्हणजे चिप बसवायच्या खाचा, मोजतात. म्हणजे त्याच मशीनला वीस हजार. तेच लोखंड, तोच कारखाना, दर मात्र दसपट. जाहीर दर पूर्ण कुणीच भरत नाही, हे मान्य. पण घासाघीस दोन लाखांपासून सुरू होते की वीस हजारांपासून, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. स्टँडर्डमध्ये क्लस्टर, म्हणजे अनेक सर्व्हर एकत्र जोडून चालवायची सोय, मिळत नाही. आमच्या गिऱ्हाइकांपैकी क्लस्टर कुणाला लागतो, असं विचारलं तर तेव्हा उत्तर होतं: कुणालाच नाही.

दुसरी वाट होती डोकी मोजायची. एंटरप्राइजला दर युजरमागे ५०० डॉलर, आणि एका प्रोसेसरमागे किमान दहा युजर घ्यायचेच. आता कारखान्यात युजर कोण? हंगामात शिवारात फिरून ऊस नोंदवणारे चिटबॉय, गट ऑफिसचे क्लार्क, उसाच्या गाड्या थांबतात ते केनयार्ड, काटा, शेती खातं, अकाउंट्स. शिवाय त्या व्याख्येत माणसाविना चालणारी, सर्व्हरपर्यंत पोचणारी यंत्रंही युजर म्हणूनच मोजतात. म्हणजे काट्याचा वजन दाखवणारा इंडिकेटर ते वजन आपोआप पाठवत असेल तर तोही एक युजर. चेअरमनसाहेबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग त्याला पगारावर बी घ्या की.”

गंमतीचा भाग सोडा. खरी अडचण साखर धंद्याच्या चालीत आहे. जानेवारीत रात्री दोन वाजताही काट्यावर रांग असते आणि सर्व्हरला श्वास घ्यायला सवड नसते. जूनमध्ये तोच सर्व्हर पगारपत्रक आणि ऊसनोंद एवढंच करतो. कोअरवर पैसे भरायचे तर जानेवारीच्या ताकदीचे बाराही महिने भरायचे. युजरवर भरायचे तर चार-पाच महिनेच कामावर असणाऱ्या माणसांचेही वर्षभराचे भरायचे. दोन्ही मापं बाराही महिने एकसारखं काम करणाऱ्या बँकांना आणि विमा कंपन्यांना शोभणारी आहेत. आयबीएमच्या वेबस्फिअर या तशाच सर्व्हरचाही हिशेब करून पाहिला. तिथे कोअरला गुण देतात, इंटेलच्या झिऑन चिपांच्या साध्या दोन सॉकेटच्या मशीनला कोअरमागे ७० गुण, आणि पैसे गुणांवर. एकाच सर्व्हरचे सॉफ्टवेअरने भाग पाडले तर आपल्या भागाच्या (व्हर्च्युअल मशीनच्या) वाट्याला आलेल्या कोअरपुरतेच पैसे भरायची सोयही आहे, पण त्यासाठी त्यांचं मोजणीचं साधन बसवून अहवाल जपून ठेवावे लागतात. ज्या कारखान्यात ईडीपी, म्हणजे संगणक खात्यात एकच माणूस आहे आणि तोच प्रिंटरची रिबन बदलतो, तिथे हे अहवाल कोण जपणार? आणि मोजणी चुकली तर बोट आधी आमच्याकडे दाखवलं जाणार.

निविदेतली ती अट शेवटी निघाली. आम्ही सन कंपनीच्या ग्लासफिश या सर्व्हरवर गेलो. खुला, फुकट, आणि हवा तर कंपनीचा पैसे देऊन सपोर्ट. सन कंपनी २०१० साली ओरॅकलने घेतली, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये जाहीर झालं की ग्लासफिशच्या पुढच्या आवृत्तीला व्यापारी सपोर्ट मिळणार नाही. कोड खुलाच राहिला, फोन उचलणारं कुणी राहिलं नाही. पुढच्या वर्षी त्याच कोडवर पायारा हा दुसरा सर्व्हर उभा राहिला. तोवर आम्ही आमचा प्रोग्राम पुन्हा तपासला होता आणि दिसलं होतं की एवढ्या मोठ्या सर्व्हरमधल्या बहुतेक सोयी आम्ही वापरतच नाही. सर्व्हलेट, म्हणजे ब्राउझरच्या मागणीला उत्तर देणारे जावाचे प्रोग्राम, चालवणारा टॉमकॅट हा छोटा सर्व्हर आम्हाला पुरतो. तो अपाचे या खुल्या परवान्यावर येतो, म्हणजे कोअर किती, युजर किती, काटे किती, कुणी विचारत नाही. फक्त सूचनापत्र आणि परवान्याची प्रत मालासोबत द्यायची.

आमचं हे उत्तर सगळ्यांना लागू पडेल असं मला वाटत नाही. आमचा एक ग्राहक खासगी आहे. त्याचे अनेक कारखाने, स्वतःची आयटी टीम, एकाच वेळी दोन-तीन डेटाबेसमध्ये पूर्ण व्हावे लागणारे व्यवहार. त्यांनी विकतचा ॲप्लिकेशन सर्व्हर आधीच घेतलेला आहे आणि आम्ही मुकाट्याने त्यावरच बसवतो. मध्यरात्री ज्याला फोन करता येईल अशा कंपनीला पैसे देणं त्यांना परवडतं, आणि शोभतंही.

फुकटचं ते पौष्टिक म्हणतात, पण ते पचवायला माणूस लागतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे (Log4j) या नोंदी लिहिणाऱ्या जावा लायब्ररीतलं सुरक्षेचं भोक जगजाहीर झालं ते ऐन हंगामात. टॉमकॅट त्यातून सुटला होता, पण आमच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये ती लायब्ररी होती. कुठल्याही कंपनीचं परिपत्रक येणार नव्हतं. आमच्याच पोरांनी प्रत्येक कारखान्यात शिरून फाइल बदलली, तीही पाळी बदलायच्या वेळी, काट्यावर वाहन नसतानाच्या फटीत. परवान्याचे वाचलेले पैसे आम्ही एका चांगल्या माणसाच्या पगारात घालतो. दरपत्रकात तशी ओळ नाही, पण मंडळाने विचारलं तर सांगतो.

उलट बाजूचा अनुभव २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आला. एका कारखान्याची सर्व्हर रूम पाण्याखाली गेली. टॉमकॅट आणि डेटाबेस बॅकअपवरून एका जुन्या पीसीवर संध्याकाळपर्यंत उभे राहिले. अहवाल छापायचा एक विकतचा भाग मात्र त्या बुडालेल्या मशीनच्या नेटवर्क कार्डाला बांधलेला होता. परवान्याची नवीन चावी मिळवायला मेलामागून मेल गेले, आणि तोवर पगारपत्रक एक्सेलमध्ये काढावं लागलं. मशीनला बांधलेला परवाना आम्ही त्यानंतर घेतला नाही, दिलाही नाही.

जावाचाही घोळ याच काळातला. २०१९ पासून ओरॅकलच्या जावाच्या नव्या दुरुस्त्या धंद्यासाठी विकत झाल्या, आणि जानेवारी २०२३ मध्ये माप आलं कर्मचाऱ्यांचं. जावा किती जण वापरतात ते नाही, कंपनीत एकूण माणसं किती. अर्धवेळ, हंगामी, कंत्राटदाराची माणसंसुद्धा. ९९९ पर्यंत महिन्याला माणशी १५ डॉलर. ९०० माणसांच्या कारखान्याला वर्षाचे १,६२,००० डॉलर होतात. आमच्यातल्या एकाने गंभीर चेहऱ्याने विचारलं, “तोडणी मजूरही धरायचे का?” त्या व्याख्येवर वाद घालत बसण्यापेक्षा आम्ही सगळीकडे टेमुरिन बसवलं, म्हणजे ओपनजेडीके या खुल्या जावाची फुकट मिळणारी आवृत्ती.

आता आमच्या स्वतःच्या परवान्याबद्दल. ब्राउझरवर आलो तेव्हा जगाची रीत म्हणून आम्हीही युजरवर दर लावला. आकडा वाजवी होता, कारखाने भरतही होते. मग एका शेतकऱ्याची तक्रार आली. आडसाली (पावसाळ्यात लावलेला) ऊस, जुलैची नोंद, आणि संगणकावर तारीख महिनाभर पुढची. तोडणीचा कार्यक्रम लागणीच्या तारखेवर लागतो, त्यामुळे त्याची तोड मागे गेली. शेती अधिकाऱ्यांनी आम्हाला बोलावलं, बदल कुणी केला ते सांगा. आम्ही ऐटीत नोंदवही उघडली. बदल ‘गट ३’ या लॉगिनने झाला होता. त्या गटातले सगळे चिटबॉय तेच एक लॉगिन वापरत होते. एकाच दिवशी, त्याच मिनिटाला, ते लॉगिन दोन वेगळ्या गावांच्या शिवारात ऊस नोंदवत होतं. गट क्लार्क चहा पाजताना म्हणाला, “साहेब, तुम्ही डोक्यामागं पैसे घेता, मग आम्ही डोकी कमी केली.”

त्यात त्याची काही चूक नव्हती. आमच्या परवान्यानेच त्याला तसं करायला शिकवलं होतं. कुणी काय केलं ते कळावं यासाठीच कारखाना सॉफ्टवेअर घेतो, आणि आमचं माप नेमकं तेच पुसत होतं.

पर्याय शोधताना आधी प्रत्यक्ष गाळपावर, टनामागे काही पैसे, असा विचार झाला. कारखान्यांना तो आवडला असता. पण दुष्काळ आणि महापुरानंतर २०१९-२० च्या हंगामात राज्याचं गाळप असं काही खाली आलं की त्या दराने आमचे पगार निघाले नसते. पाऊस कमी झाला म्हणून प्रोग्राम लिहायचं काम कमी होत नाही. शेवटी ठरलं ते कारखान्याच्या मंजूर गाळप क्षमतेवर: रोज २,५०० टनांपर्यंत एक दर, ५,००० पर्यंत दुसरा, त्यापुढे तिसरा. युजर कितीही. हा आकडा कारखान्याच्या परवान्यावर छापलेला असतो, वार्षिक अहवालात असतो, चेअरमनपासून शिपायापर्यंत सगळ्यांना पाठ असतो. तो तपासायला आम्हाला कुणाच्या सर्व्हर रूममध्ये डोकवावं लागत नाही. आज प्रत्येक चिटबॉयचं लॉगिन त्याच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर आहे.

एकदाच घ्यायचं की वर्षाला भरायचं, हा वाद मात्र अजून सुटलेला नाही. मंडळाला एकदाच घेतलेलं आवडतं. दर वर्षी सर्वसाधारण सभेत ‘सॉफ्टवेअर भाडे’ अशी ओळ दिसली की एखादा सभासद उठून विचारणारच, मशीन आपलं, लाइट आपली, मग भाडं कशाचं? म्हणून आम्ही दोन भाग केले: पहिल्या वर्षी कायमचा परवाना, नंतर वर्षाची देखभाल. पैसे मागायची वेळही धडा घेऊनच बदलली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कारखान्याचा सगळा पैसा तोडणी-वाहतुकीच्या उचलीत आणि मशिनरीच्या दुरुस्तीत गेलेला असतो, तेव्हा बिल पाठवून उपयोग नाही. जानेवारीनंतर साखर विकली जायला लागते. पण तेव्हाही ऊस आल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याची एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) आधी, आम्ही नंतर. तसंच असायला हवं.

करारात दोन कलमं आमच्याच आग्रहाची आहेत. पहिलं, बिल थकलं तरी काटा बंद पडणार नाही. मुदत संपली की ऑफिसचे काही अहवाल अडतात, काटा आणि केनयार्ड चालूच राहतात. गेटवर ट्रॅक्टर आणि बैलगाड्या उभ्या, ऊस टाकायची गव्हाण रिकामी आणि ‘नो केन’मुळे, म्हणजे ऊस नाही म्हणून, मिल थांबलेली, असं एकदा आमच्यामुळे झालं तर जिल्ह्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. दुसरं, सोर्स कोडची सीलबंद प्रत कारखान्याच्या बँक लॉकरमध्ये. “तुम्ही उद्या नसलात तर?” हा प्रश्न छोट्या कंपनीला प्रत्येक मंडळ विचारतं. त्यावर गोड बोलण्यापेक्षा लॉकरची पावती दाखवणं बरं. आम्ही बंद पडलो तर पाकीट फोडून कारखान्याने दुसऱ्याकडून काम करून घ्यावं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय.

सध्या डोकेदुखी आहे ती आसवनीची, म्हणजे डिस्टिलरीची. इथेनॉलमुळे कारखाने आसवन्या वाढवत आहेत. तिथली क्षमता दिवसाच्या किलोलिटरमध्ये मोजतात, आणि आमचे टप्पे उसाच्या टनांवर. आमचे ईडीपीवाले मित्र म्हणतात, आसवनीला सरळ एकठोक दर लावा. किलोलिटरवर लावला तर धान्यावर चालणाऱ्या आसवन्यांनाही तेच दरपत्रक देता येईल, असं माझं मत. दोन कारखान्यांशी बोलणं चालू आहे. त्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर होतील, त्याआधी आकडा द्यायचा आहे.