रेघेच्या अलीकडची कामं

कामांच्या याद्या ठेवणारी बहुतेक ॲप्स एक गोष्ट गृहीत धरून चालतात: काम एकतर राहिलेलं असतं, नाहीतर झालेलं. चौकोन रिकामा, नाहीतर त्यात बरोबरची खूण. माझी निम्मीअधिक कामं या दोन्हींत बसत नाहीत. काही कोणाच्या तरी उत्तरावाचून अडलेली असतात, काही अर्धी होऊन बसलेली, आणि काहींना तर काम म्हणावं की इच्छा, हेच कळत नाही. ॲप बनवणाऱ्याला हे सांगायचं कसं? सांगितलं तरी तो काय करणार?

म्हणून माझा सगळा पसारा आता साध्या टेक्स्ट फायलींमध्ये असतो, आणि त्या फायली ईमॅक्समध्ये दिवसभर उघड्या असतात. ईमॅक्स हा जुना जाणता एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा-बदलायचा प्रोग्राम. १९७६ साली एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत, टेको नावाच्या एडिटरवर मॅक्रो (एका फटक्यात चालणारे आज्ञांचे संच) चढवत चढवत तो उभा राहिला. रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील ही त्यातली मुख्य नावं. पुढे स्टॉलमन यांनी १९८४ मध्ये तो नव्याने लिहायला घेतला, तो जीएनयू ईमॅक्स आजतागायत चालतोय. वय लपत नाही. त्याचे शॉर्टकट ठरले तेव्हाच्या कीबोर्डवर मेटा नावाची कळ असायची. ती कळ गेली, मदतपुस्तिकेत मात्र ठाण मांडून आहे, आणि तिचं काम ऑल्ट निमूटपणे करतेय. कंट्रोल दाबून दाबून करंगळी दुखायला लागते, त्या दुखण्याला तर ‘ईमॅक्स पिंकी’ असं नावच पडलंय.

एवढं सोसून माणसं त्याला धरून राहतात, कारण तो जवळजवळ सगळा लिस्प या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला आहे आणि चालू असतानाच बदलता येतो. कंट्रोल-एच, मग के, मग कुठलीही कळ दाबा. ती कळ नेमकं काय करते ते तो सांगतो, आणि तिथून थेट त्या कामाचा कोडही उघडून देतो. आवडला नाही तर बदला. या मोकळिकीत माणसं वाहवत जातात हे खरंच. काम राहतं बाजूला आणि मथळ्यांचा रंग ठरवण्यात संध्याकाळ जाते. त्यावर इतक्यांनी इतकं लिहिलंय की मी नव्याने भर घालत नाही.

कामांसाठी त्यात ऑर्ग मोड आहे, म्हणजे याद्या आणि टिपणं सांभाळायची सोय. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये तो लिहायला घेतला. यात ओळीच्या सुरुवातीला एक चांदणी टाकली की मथळा होतो, दोन टाकल्या की उपमथळा. खगोलशास्त्रज्ञाला दुसरं काय सुचणार, असं म्हणायचा मोह होतो, पण चांदण्या ईमॅक्सच्या आउटलाइन मोडमध्ये आधीपासूनच होत्या. टॅब दाबला की मथळ्याखालचं सगळं मिटतं, पुन्हा दाबला की उघडतं. मथळ्याच्या आधी स्थितीचा एक शब्द लिहिला की तो मथळाच काम बनतो. अर्ज लिहायचाय? ‘अर्ज लिहिणे’ हा मथळा, आणि अर्जाचा मसुदा त्याच्याच पोटात. आठवण एका ॲपमध्ये आणि मजकूर भलत्याच फोल्डरमध्ये, ही धावपळ संपते.

तारखा दोन प्रकारच्या असतात, आणि मला या व्यवस्थेतलं सगळ्यात शहाणपणाचं हेच वाटतं. काम हातात घ्यायचा दिवस वेगळा आणि ते संपलंच पाहिजे तो दिवस वेगळा. पहिल्याला शेड्यूल्ड, दुसऱ्याला डेडलाइन. डेडलाइन असलेलं काम १४ दिवस आधीपासून अजेंड्यात, म्हणजे दिवसाच्या कामांच्या यादीत, डोकवायला लागतं, ‘इतके दिवस उरले’ असं सांगत. हातात घ्यायचं ठरवून टाळलेलं काम मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर होतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि शेजारी एक आकडा एकेकाने वाढत जातो. ओरडा नाही, घंटी नाही, लाल फुगा नाही. नुसता आकडा. तो दोन आकडी झाला की डोळा चुकवणं अवघड जातं, आणि मग एकतर माणूस ते काम करतो, नाहीतर तारीख पुढे ढकलून आकडा कोरा करून घेतो. दोन्ही उपाय मी सारख्याच उत्साहाने वापरतो.

परत परत येणाऱ्या कामांची तऱ्हा तर फारच बारकाईने विचारात घेतलेली आहे. तारखेपुढे अधिकचं एक चिन्ह आणि एक महिना असं लिहिलं, तर काम झाल्यावर तारीख बरोबर एक महिना सरकते. मागचे तीन हप्ते थकले असतील तर तीनदा ‘झालं’ म्हटल्याशिवाय सुटका नाही. बिलांना हेच बरोबर. अधिकची दोन चिन्हं दिली तर मागची थकबाकी माफ आणि तारीख थेट पुढच्या वेळेवर. दर आठवड्याला फोन करायचा असेल तर हे हवं, कारण चुकलेले चार फोन एका दिवशी करून काही उपयोग नसतो. आणि आधी टिंब, मग अधिक असं दिलं तर मोजणी आजपासून. पाण्याचा फिल्टर उशिरा धुतला, तर पुढची पाळीही तितकीच उशिरा यायला हवी. हा फरक कागदावर लिहिलेला पाहण्याआधीही तो आपल्याला माहीत असतो, पण कुठल्या चौकोनात टाकायचा ते सापडलेलं नसतं.

सगळंच गोड नाही. तक्त्यात देवनागरी लिहिली की काना-मात्रा-जोडाक्षरांच्या रुंदीचा हिशोब चुकतो आणि स्तंभांच्या कडा दातऱ्या दिसतात. फोनवर ही सगळी व्यवस्था चालवणं म्हणजे उपद्व्यापच.

पण स्थिती आपल्या आपण ठरवता येतात, यावर मी बाकीचं सगळं माफ करतो. सेटिंगमध्ये एकच ओळ असते. तिच्यात आपले शब्द ओळीने लिहायचे आणि मध्ये एक उभी रेघ द्यायची. रेघेच्या अलीकडे ते बाकी, पलीकडे ते संपलेलं. माझ्या ओळीत अलीकडे ‘करायचं’, ‘अडलंय’ आणि ‘बघू’ आहेत. पलीकडे ‘झालं’ आणि ‘सोडलं’. ‘अडलंय’ आणि ‘सोडलं’ यांच्यापुढे मी एक खूण केलीय, त्यामुळे तो शब्द निवडला की छोटी खिडकी उघडते आणि कारण विचारते. लिहिलेलं कारण तारीखवेळेसह मथळ्याखाली जाऊन बसतं. काम का अडलं हे लिहायला बसलं की बऱ्याचदा ते माझ्याच एका फोनसाठी अडलेलं निघतं. ‘सोडलं’ हा शब्द रेघेपलीकडे ठेवल्याचा तर मला फार आधार वाटतो. नको असलेलं काम सोडणं हीसुद्धा एक निकाल लावण्याची पद्धत आहे, आणि ईमॅक्स ती विनातक्रार हिरव्या रंगात दाखवतो.

घोळ आहे तो ‘बघू’चा. मोठ्या मथळ्यापुढे चौकटी कंसात एक तिरकी रेघ टाकली की त्याच्याखालची किती कामं संपली याचा अपूर्णांक तो स्वतः मांडतो. माझ्या घराच्या आवराआवरीपुढे सध्या [२/९] आहे, आणि उरलेल्या सातांपैकी पाच ‘बघू’मध्ये आहेत. रेघ एक शब्द अलीकडे सरकवली, तर त्याचे [७/९] होतात. बदल करून कंट्रोल-सी दोनदा दाबायचं, आकडा पुन्हा मोजायला सांगायचं, आणि कपाट न उघडता घर आवरलेलं. अजून तरी रेघ हलवलेली नाही. पाहुणे यायच्या आधी हलवावी म्हणतो.