कॅमेऱ्याने वेग बरोबर मोजला, मग माझं भांडण कशाशी आहे

गेल्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी ऑफिसात डबा उघडला आणि एसएमएस आला, ओव्हरस्पीडिंगचं चलान, २ हजार रुपये. आधी वाटलं फ्रॉड आहे, कारण हल्ली चलानच्या नावाने लिंक पाठवून अकाउंट साफ करणारे फार झालेत, म्हणून लिंकला हातच लावला नाही आणि रात्री घरी येऊन सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकून बघितलं, तर चलान खरंच होतं. फोटोत माझीच वॅगनआर, मागच्या काचेवर लेकीने चिकटवलेलं फुलपाखरूसुद्धा दिसतंय. वेग ७४, मर्यादा ६०.

जागा मुंबईतलीच आहे, मी मुलुंडहून रोज तिथून जाते, नाव मुद्दाम लिहीत नाहीये. पण मला माहीत होतं की त्या रस्त्याला ८०ची मर्यादा आहे, मग हे ६० आलं कुठून? नवऱ्याने हट्टाने डॅशकॅम, म्हणजे समोरचा रस्ता रेकॉर्ड करणारा छोटा कॅमेरा, गाडीत बसवून घेतला होता, त्याचं कार्ड काढलं आणि रात्री साडेअकराला लॅपटॉपवर एकेक फ्रेम पुढे सरकवत बसले. उतार सुरू होतो तिथे डावीकडे गुलमोहर आहे आणि पावसाळ्यानंतर त्याची फांदी खाली आलीये, तिच्यामागे ६०चा बोर्ड. अगदी जवळ गेल्यावर पानांतून लाल गोल दिसतो, आणि तो दिसल्यापासून कॅमेऱ्याच्या खांबाखाली गाडी जाईपर्यंत मी मोजलं, तीन सेकंद. ताशी ७४ म्हणजे सेकंदाला साडेवीस मीटर, तीन सेकंदांत साठेक मीटर, म्हणजे लोकलचे तीन डबे उभे राहतील एवढंच अंतर. तेवढ्यात बोर्ड बघायचा, आरसा बघायचा, मागे टेम्पो चिकटलाय तर ब्रेक किती दाबायचा हे ठरवायचं.

आणि आता खरं तेच सांगते, डॅशकॅमचा जीपीएस त्या क्षणी ७३ दाखवतोय. म्हणजे कॅमेऱ्याने वेग बरोबरच मोजलाय. हे कळल्यावर मी जरा गप्प बसले, कारण मी भांडायच्या तयारीत होते की मशीन खराब आहे म्हणून. मशीन खराब नाहीये.

नंतर आठवडाभर जमेल तेव्हा यावर वाचत होते आणि माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली, की कॅमेरा बरोबर आहे म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी बरोबर असायला लागतात. एक, गाडीचा वेग. दुसरी, त्या जागी त्या क्षणी मर्यादा किती होती आणि ती ड्रायव्हरला दिसली होती का. आपण सगळे पहिलीवर वाद घालतो आणि घोळ बऱ्याचदा दुसरीत असतो.

पहिलीचं म्हणाल तर असे कॅमेरे बऱ्याचदा रडारने वेग मोजतात आणि त्याचं तत्त्व जुनं आणि भरवशाचं आहे, फास्ट लोकल न थांबता जाते तेव्हा तिचा हॉर्न जवळ येताना चिरका लागतो आणि पुढे गेल्यावर जाडा, तसंच गाडीवर आपटून परत येणाऱ्या लहरींचं होतं आणि त्या फरकावरून वेग निघतो. कॅमेरा रस्त्याकडे तिरका बघत असतो, तो कोन मशीनला आधीच सांगून ठेवलेला असतो, त्यामुळे खांबाला ट्रक घासून तो जरा फिरला की आकडाही फिरतो, म्हणून वेळोवेळी कॅलिब्रेशन, म्हणजे मशीन तपासून पुन्हा नीट लावणं, लागतं. आपल्या गाडीचा काटा तर मुळातच खऱ्यापेक्षा थोडा जास्त वेग दाखवेल असा बनवलेला असतो, म्हणून ‘माझा काटा ७० दाखवत होता आणि कॅमेऱ्याने ७४ पकडलं’ असं कुणी म्हणालं तर त्याकडे नक्की लक्ष द्यायला पाहिजे, कारण फरक उलट्या बाजूचा आहे.

मशीन चुकतच नाही असंही नाही. मेलबर्नच्या वेस्टर्न रिंग रोडवर २००३ साली एका बाईंच्या १९७५च्या डॅटसन १२०वायला ताशी १५८चा दंड आला, जुनी छोटी गाडी, तपासली तर ती तेवढं पळूच शकत नव्हती, आणि मग त्या रस्त्यावरचे कॅमेरेच संशयात आले, बंद ठेवावे लागले आणि पुढे सरकारला हजारो लोकांचे दंड परत करावे लागले. अमेरिकेत बाल्टिमोरला तर २०१२मध्ये सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला ताशी ३८ मैलांची नोटीस गेली होती. ती उभी होती हे त्यांच्याच व्हिडिओत दिसत होतं!! पुढच्याच वर्षी तिथली ती सगळी सिस्टीम बंद पडली. दोन्हीकडे चूक उघडी पडली कारण पुरावा इतका हास्यास्पद होता की कुणालाही कळावं. ७४ आणि ६०मधला घोळ तसा कुणाला दिसणार?

दुसऱ्या गोष्टीचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला इंग्लंडचं वाटतं. लंडनभोवती एम२५ नावाचा मोठा गोल मोटरवे आहे, तिथे १९९५पासून बदलती वेगमर्यादा आहे, म्हणजे ट्रॅफिक वाढला की रस्त्यावरच्या कमानीवर ७०च्या जागी ६०, ५०, ४० मैल असे आकडे लागतात. कल्पना चांगली आहे, सगळे एका वेगाने हळू चालले की पुढे जाऊन कचकन ब्रेक मारणं कमी होतं, आणि एक्स्प्रेसवेला लोणावळ्याजवळ रविवारी संध्याकाळी अडकलेल्या कुणालाही ते पटेल. पण तिथे कॅमेऱ्यालाही सतत माहीत असायला लागतं की आत्ता बोर्डवर काय लागलंय. २०२५च्या डिसेंबरमध्ये तिथले मोठे हायवे बघणाऱ्या संस्थेने स्वतःच मान्य केलं की काही ठिकाणी बोर्ड आणि कॅमेरा यांच्यात काही सेकंदांचा फरक पडत होता, त्यामुळे २०२१पासून काही लोकांना चुकून दंड झाले आणि ते परत द्यायचे आहेत. रडार बरोबर, फोटो बरोबर, नंबरप्लेट बरोबर आणि तरी चलान चुकीचं. चार वर्षं लागली कळायला.

आपल्याकडे मर्यादा वेळेप्रमाणे क्वचितच बदलते, पण जागेप्रमाणे सारखी बदलते. कोस्टल रोडच घ्या ना, साडेदहा किलोमीटरचा रस्ता, सरळ भागात ८०, बोगद्यात ६०, वळणांवर आणि चढउताराच्या रॅम्पवर ४०. अटल सेतूवर कारला १०० आणि चढताना उतरताना ४०. एक्स्प्रेसवेला सपाटीवर कारला १००, घाटात बरीच कमी आणि ट्रकला त्याहूनही कमी. हे आकडे असायलाच पाहिजेत, माझी आई दर महिन्याला शिवनेरीने पुण्याला मावशीकडे जाते आणि खंडाळ्याच्या उतारावर मागून भरलेला ट्रेलर सुसाट यावा असं मला मुळीच वाटत नाही, २०२४मध्ये एक्स्प्रेसवेला कॅमेरे लागले तेव्हा मला बरंच वाटलं होतं. पण मर्यादा बदलते ती जागा आणि कॅमेरा यात गाडी सावकाश हळू करता येईल एवढं तरी अंतर हवं, आणि बोर्ड झाडाआड नको, होर्डिंगआड नको.

नियमही तसे वाईट नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१च्या ऑगस्टमध्ये १६७अ हा नियम आला, त्यात लिहिलंय की कॅमेऱ्याला अचूकतेचं प्रमाणपत्र पाहिजे आणि ते दरवर्षी नव्याने घ्यायचं, पुढे कॅमेरा आहे अशी ठळक सूचना पाहिजे, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे नोटीस १५ दिवसांत पाठवायची होती. माझ्या चलानमध्ये फोटो आहे, वेळ आहे, आकडा आहे, पण त्या मशीनची तपासणी शेवटची कधी झाली ते कुठेच नाही. मला ती तारीख पाहिजे. शिवाय दोन फोटो पाहिजेत, जुन्या गॅट्सो कॅमेऱ्यांचे असायचे तसे, रस्त्यावर पांढऱ्या रेषा आखलेल्या आणि अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन फोटो, म्हणजे गाडी किती रेषा पुढे गेली ते मोजून कुणीही वेग ताडून बघू शकायचं. गंमत म्हणजे तो कॅमेरा शोधून काढणारा गॅट्सोनिडीस हा स्वतः डच रॅली ड्रायव्हर, १९५३ची माँटे कार्लो रॅली जिंकलेला, त्याला वळणावर स्वतःचा वेग मोजायचा होता.

माझं ठीक आहे, २ हजार गेले तर वाईट वाटेल पण घर चालेल. आमच्या बिल्डिंगमधले काका टूरिस्ट गाडी चालवतात, त्यांना मी व्हिडिओ दाखवला तर बघतच राहिले, म्हणाले, ‘अगं ताई, हीच जागा, माझी तीन आहेत इथली.’ मोबाइल नंबर बदलल्यामुळे त्यांना एकही एसएमएस मिळाला नव्हता, गाडी विकायला काढली तेव्हा गिऱ्हाइकाने चेक केलं आणि सहा हजार पेंडिंग निघाले. तिन्ही एकाच महिन्यातली. पहिलं वेळेत कळलं असतं तर दुसरं तिसरं झालंच नसतं, मग या दंडाने त्यांचा वेग कमी कसा होणार होता?

मी पोर्टलवर तक्रार टाकली, फांदीचा फोटो जोडला. नऊ दिवसांनी उत्तर आलं, तक्रार अमान्य, वाहनाने मर्यादा ओलांडल्याचे दिसते. ते तर मीही म्हणतेय की ओलांडली! बोर्डबद्दल एक अक्षर नाही. म्हणून आता व्हिडिओसकट पुन्हा टाकलीये, काकांची तीनही त्यात जोडलीत, आणि वॉर्ड ऑफिसला झाड छाटायचा वेगळा अर्ज दिलाय, त्याची पोच मिळाली, सही-शिक्क्यासकट. काल सकाळी तिथून जाताना बघितलं, फांदी अजून तशीच आहे. मी आधीपासूनच ५५वर होते आणि मागचा टेम्पोवाला पार खांबापर्यंत हॉर्न वाजवत होता.