यशवंतरावांची माणसं

टिळक हायस्कूलमध्ये शिकलेल्या प्रत्येकाने ती गोष्ट ऐकलेली आहे. मास्तरांनी वर्गात विचारले, मोठेपणी कोण होणार? कोणी टिळक म्हणाले, कोणी आणखी कोणी थोर पुरुष. एका मुलाने उत्तर दिले, मी यशवंतराव चव्हाण होणार. बारा मार्चला, स्नेहसंमेलनात, पाहुण्यांच्या भाषणात ही गोष्ट यायचीच, आणि ऐकताना आमची छाती फुगायची. मात्र गेली कित्येक वर्षे मला वाटत आले आहे की या गोष्टीत यशवंतराव एकटे दिसतात, आणि ते एकटे कधीच नव्हते. कऱ्हाडच्या या शाळेत असताना त्यांनी माणसे जोडायला सुरुवात केली आणि पुढे दिल्लीत गेले तरी ती सोडली नाहीत. मला सांगायचे आहे ते त्या माणसांबद्दल.

घरची पुण्याई म्हणावी असे त्यांच्या पाठीशी काही नव्हते. जन्म १२ मार्च १९१३ चा, आजोळी देवराष्ट्रे गावात. वडील बळवंतराव कऱ्हाडच्या कोर्टात बेलिफ. ते प्लेगात गेले तेव्हा यशवंता अगदी लहान होता. विठाईने मुलांना वाढवले, थोरल्या ज्ञानोबांनी नोकरी धरून घर सावरले. मधले गणपतराव ब्राह्मणेतर चळवळीकडे ओढलेले. धाकटा मात्र काँग्रेसकडे वळला. लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवस उपोषण करून जतींद्रनाथ दास गेले, ती १९२९ ची बातमी वाचून हा शाळकरी मुलगा ढसाढसा रडला होता. एकाच घरात दोन विचार नांदत होते आणि त्यावरून घर फुटले नाही. विरोधी मताच्या माणसाशी शांतपणे बोलण्याची त्यांची जी रीत पुढे महाराष्ट्राने पाहिली, तिचे मूळ मला या घरात दिसते.

२६ जानेवारी १९३२ ला शाळेच्या आवारातल्या झाडावर तिरंगा चढला. त्याबद्दल त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. आई भेटायला गेली, सोबत एक शिक्षक होते. मुलाने माफी मागितली तर सुटका होईल, असे त्यांनी सुचवले. विठाईने ते तिथेच झटकून टाकले आणि मुलाला तब्येत सांभाळ एवढेच सांगितले. अक्षरओळख नसलेल्या त्या माउलीपुढे मी आजही नतमस्तक होतो.

त्या तुरुंगात त्यांना दुसरी शाळा मिळाली. येरवड्याच्या बराकीत आचार्य भागवत, रावसाहेब पटवर्धन, एस. एम. जोशी, ह. रा. महाजनी अशी माणसे होती. कोणी गांधीवादी, कोणी समाजवादाकडे झुकलेला. वाचन, चर्चा, वाद रोज चालायचे. विशीच्या आतला, मॅट्रिकही न झालेला मुलगा त्यांच्यात बसून ऐकत होता. सुटून आल्यावर १९३४ मध्ये तो मॅट्रिक झाला. कोल्हापूरला राजाराम कॉलेजात बी. ए., मग पुण्याला वकिली. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींकडे जाणे-येणे सुरू झाले, मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांशी, म्हणजे रॉयवादाशी ओळख झाली. आणि वाईचेच किसन वीर, येरवड्याचा तुरुंग फोडून पळालेले. सातारा जिल्ह्याच्या राजकारणात यशवंतराव आणि किसन वीर ही नावे जोडीनेच घेतली जात.

राजकारण्याचे संबंध म्हटले की आता आपल्याला सोयरीक, कारखाना आणि ठेकेदार आठवतात. यशवंतरावांच्या संबंधांचा हिशेब त्यात बसत नाही. १९४२ च्या २ जूनला वेणूताईंशी लग्न झाले आणि ऑगस्टपासून ते भूमिगत. त्यांच्यापायी नव्या नवरीला तुरुंगात जावे लागले, ज्ञानोबा याच धामधुमीत वारले. वेणूताई आजारी म्हणून फलटणला भेटायला आले, तेव्हा ते पकडले गेले. नातलगांना त्यांच्या राजकारणापायी सोसावेच लागले.

संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी या माणसांची खरी कसोटी लागली. फलटणला यशवंतराव म्हणाले की, नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांतून निवड करायची झाली तर मी नेहरूंना निवडीन. महाराष्ट्र खवळला. आमचे घर त्या लढ्यातल्या संयुक्त महाराष्ट्र समितीचे होते. वडील ते वाक्य पुढे कित्येक वर्षे बोलून दाखवत, आणि मलाही ते पटलेले नाही. १९५७ ला कऱ्हाडात ते जेमतेम निवडून आले. समोर समितीच्या अग्रभागी कोण, तर येरवड्याच्या बराकीतले एस. एम.! प्रतापगडावर नेहरूंच्या हस्ते शिवपुतळ्याचे अनावरण झाले तेव्हा समितीने वाटेवर प्रचंड निदर्शने केली. एवढे होऊनही यशवंतराव आणि एस. एम. या दोघांनी एकमेकांविषयीचा आदर सोडला नाही. मराठी-गुजराती असे द्वैभाषिक राज्य चालणार नाही हे यशवंतरावांनी हळूहळू दिल्लीच्या गळी उतरवले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्याचा मंगल कलश आला.

राज्य आल्यावर मुख्यमंत्री म्हणून त्यांनी साहित्य संस्कृती मंडळ काढले आणि अध्यक्षपदी तर्कतीर्थांना बसवले. वाईला विश्वकोशाचे काम उभे राहिले. महार वतने त्याआधीच, द्वैभाषिकात गेली होती; आता जिल्हा परिषदा आल्या, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आले. पण माझ्यासारख्याला सर्वांत जवळचे काम म्हणजे ई. बी. सी., गरीब घरच्या मुलांना मिळणारी फीमाफी.

मी पाटण तालुक्यातल्या डोंगरगावचा. वडिलांचे नाचणी-वरईचे रान. फी भरायची झाली असती तर आठवीनंतर माझी शाळा बंद होती. ई. बी. सी.चा फॉर्म अजून डोळ्यांसमोर आहे : तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला जोडलेला, खाली वडिलांचा जांभळ्या शाईचा अंगठा. हेडक्लार्क तो उजेडाकडे धरून तपासायचे, शिक्का मारायचे आणि म्हणायचे, "जा, बस वर्गात." आमच्या वर्गातली निम्मी मुले याच फॉर्मवर शिकली. त्यांतले कोणी शिक्षक झाले, कोणी इंजिनिअर, मी बँकेत लागलो. यशवंतरावांना मी सभेत लांबूनच पाहिले, भेट कधी झाली नाही. तरी त्यांनी जोडलेल्या माणसांत मी स्वतःला धरतो.

पुढचे सारे सर्वांना माहीत आहे. चीनच्या आक्रमणानंतर १९६२ च्या नोव्हेंबरात संरक्षणमंत्री, मग गृह, अर्थ, परराष्ट्र, १९७९ ला काही महिने उपपंतप्रधान. आणीबाणीत ते मंत्रिमंडळात राहिले याचे मला वाईट वाटते. तुरुंगातून घडलेल्या माणसाने तेव्हा बोलायला हवे होते. हे मी त्यांच्यावरच्या प्रेमानेच लिहितो आहे. १ जून १९८३ ला वेणूताई गेल्या आणि ते खचले. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत त्यांचे निधन झाले, आणि अंत्यसंस्काराला कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर सगळा महाराष्ट्र लोटला. त्या गर्दीत काँग्रेसवाले होते तसे समितीवालेही होते. माझे वडीलही होते, लाल टोपी घालून.

शाळेला माझी एक विनंती आहे. बारा मार्चला मुलांना ती 'मी यशवंतराव चव्हाण होणार'ची गोष्ट जरूर सांगा. पण त्याच दिवशी एस. एम., आचार्य भागवत, तर्कतीर्थ, किसन वीर यांच्यावरही एकेका मुलाला बोलायला लावा, आणि कऱ्हाडातल्याच वेणूताई स्मारकात यशवंतरावांचा ग्रंथसंग्रह आहे, तिथे नववीच्या मुलांना घेऊन जा. आमच्या बॅचच्या ई. बी. सी.वाल्यांनी मिळून थोडी ठेव जमवली आहे. तिच्या व्याजातून दरवर्षी डोंगरी गावातल्या एका मुलाचा किंवा मुलीचा वह्यापुस्तकांचा खर्च निघेल. मुख्याध्यापकांनी ती स्वीकारावी. पहिले नाव येत्या जूनमध्ये शाळेनेच निवडावे.