आमची वाटचाल: गावभागातला सर्व्हर आणि घरोघरचे लॅपटॉप

आम्ही सांगलीत हिशेबाचं काम करतो. माणसं घरून काम करू लागल्यावर त्यांचे लॅपटॉप आम्ही दुरून कसे सांभाळू लागलो, त्याची ही गोष्ट. हळदीचे अडते, बेदाण्याचे व्यापारी, कोल्ड स्टोरेजवाले ही आमची सुरुवातीची गिऱ्हाइकं. पुढे पुण्या-मुंबईतल्या लहान कंपन्यांचं पगारपत्रक आणि जीएसटीचं काम येऊ लागलं. ऑफिस गावभागात, म्हणजे कृष्णा चढली की पाणी आधी आमच्याकडे. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. सर्व्हर आम्ही वेळेत घरमालकांच्या वरच्या मजल्यावर नेला, पण वीज नव्हती. त्यामुळे विश्रामबागेत कोरड्या घरात बसलेल्यांनाही काम करता येईना.

मग मार्च २०२० आला. वर्षअखेरीची गडबड आणि त्यात लॉकडाऊन. ऑफिसातले संगणक मोटरसायकलवर मांडीत धरून घरोघरी गेले. बंदी उठल्यावर सगळे परत आले नाहीत, आणि मीही फारसा आग्रह धरला नाही. तासगाव, जत, कवठेमहांकाळहून रोज ये-जा करणाऱ्यांचं काम घरून जास्त नीट होत होतं. ज्या मुलींनी लग्नानंतर नोकरी सोडली असती त्या टिकल्या. आमच्यासारख्या धंद्यात दोन वर्षं मुरलेला माणूस टिकणं ही केवढी गोष्ट आहे, ते ज्यानं नवीन माणसाला पहिल्यापासून टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) शिकवला आहे त्यालाच कळेल.

माणसं पांगली, पण यंत्रं ऑफिसच्या सर्व्हरलाच बांधलेली राहिली. लॉगिन, नियम, अपडेट, सगळं त्या एका डोमेनवरून, म्हणजे सर्व्हरवरच्या खात्यांच्या व्यवस्थेवरून चालायचं. घरचा लॅपटॉप व्हीपीएन (ऑफिसच्या जाळ्यात शिरायची इंटरनेटवरची सुरक्षित वाट) लावल्याशिवाय सर्व्हरला दिसत नाही, आणि लोक व्हीपीएन लागेल तेव्हाच लावतात. पासवर्डची मुदत संपली की खरी मजा. लॅपटॉप जुन्याच पासवर्डवर उघडतो, कारण तो त्याच्या आठवणीत असतो. व्हीपीएन मात्र नवा मागतं, आणि नवा ठरवायला आधी व्हीपीएन लागलेलं हवं. हे कोडं नेमकं जीएसटीआर-३बी या जीएसटीच्या विवरणपत्राच्या २० तारखेच्या आसपास पडायचं.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं, तेव्हा मी ठरवलं की ऑफिस बुडालं तरी कुणाचं लॉगिन अडता कामा नये. डेटा भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर गेला. टॅलीवाल्यांना त्याचं अप्रूप नाही, म्हणून त्यावर लिहीत नाही. यंत्रांच्या व्यवस्थापनासाठी आम्ही इंट्यून घेतलं. मायक्रोसॉफ्टच्या ज्या बिझनेस प्रीमियम योजनेत मेल आणि एक्सेल येतं त्यातच ते असतं, आणि ती योजना तीनशे माणसांपर्यंत चालते. आम्हाला ती मर्यादा सात जन्म पुरेल.

कल्पना साधी आहे. लॅपटॉप ऑफिसच्या सर्व्हरऐवजी इंटरनेटवरच्या खात्याला जोडलेला असतो. तो जिथे असेल तिथून दिवसातून काही वेळा विचारणा करतो आणि नवे नियम घेऊन जातो. ऑटोपायलट नावाच्या सोयीमुळे तर नवा लॅपटॉप थेट जतला पाठवता येतो. मुलीनं डबा उघडायचा, वायफाय जोडायचं, ऑफिसचा मेल आणि पासवर्ड टाकायचा. बाकी यंत्र स्वतःच सजतं. कागदावर तरी असंच आहे. प्रत्यक्षात दुकानातला स्वस्त लॅपटॉप विंडोज होमचा असतो, आणि होमवर हे चालत नाही, प्रोच लागतं. शिवाय यंत्राची ओळख, ज्याला हार्डवेअर हॅश म्हणतात, आधी आपल्या खात्यात नोंदवावी लागते. मोठे पुरवठादार ती नोंदवून देतात; आमच्या नेहमीच्या विक्रेत्यानं हे नावही ऐकलं नव्हतं. म्हणून डबा आधी ऑफिसात येतो, आम्ही एक कमांड चालवून हॅश काढतो, पुन्हा चिकटपट्टी लावतो आणि मग पुढे पाठवतो. थेट पाठवणी नाहीच झाली, पण पूर्वी एका यंत्रावर ऑफिसातला मुलगा अख्खा दिवस घालवायचा ते गेलं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते अपडेटच्या तारखांनी. विंडोजचं महिन्याचं सुरक्षा अपडेट अमेरिकेतल्या दुसऱ्या मंगळवारी येतं, म्हणजे ८ ते १४ तारखेच्या दरम्यान. आमचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, अकराला. आठवडाभर पुढे ढकलावं तर ते १५ ते २१ मध्ये येतं, आणि वीस तारीख पुन्हा त्यातच. दोन आठवडे ढकललं की २२ ते २८. पगारपत्रकाची घाई त्यानंतर आणि टीडीएस भरायची सात तारीख आणखी पुढे. तीच फट आम्ही धरली. सुरक्षेचं अपडेट दोन आठवडे लांबवणं बरोबर नाही असं कुणी म्हणेल, आणि म्हणणं खोटं नाही. म्हणून माझा आणि ऑफिसातल्या आणखी दोघांचा लॅपटॉप पहिल्याच दिवशी अपडेट होतो, आणि एखादं भोक फारच गंभीर असल्याची बातमी आली तर सगळ्यांची मुदत शून्यावर आणतो. जतला फोनच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्या सहकाऱ्याचा दिवसाचा डेटा अपडेटमध्ये संपतो. त्याचा रिचार्ज आता कंपनी भरते.

पेन ड्राइव्ह बंद केले तेव्हा पुण्याच्या एका कंपनीचे अर्ज भरणाऱ्यांचं डीएससी टोकन (डिजिटल सहीचं, पेन ड्राइव्हसारखं दिसणारं साधन) अडलं. टोकन हे साठवणीचं साधन नाही, पण काही टोकनं आपला ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारं सॉफ्टवेअर, पोटातल्या आभासी सीडीतून दाखवतात, आणि सरसकट बंदीत ती सीडीही येते. ड्रायव्हर आधीच सगळ्या यंत्रांवर बसवून टाकला, प्रश्न मिटला.

माणसांचा प्रश्न इतक्या पटकन मिटला नाही. "सर आता कॅमेऱ्यातून बघतात" अशी कुजबुज सुरू झाली. मी सगळ्यांना कॉलवर घेतलं आणि माझ्याच लॅपटॉपचं पान उघडून दाखवलं: मॉडेल, सीरियल नंबर, डिस्क किती भरली, कोणती सॉफ्टवेअरं आहेत, बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का. कोणत्या वेबसाइट पाहिल्या, फाइलीत काय लिहिलंय, कॅमेरा, यातलं काहीच तिथे नाही. एका बाईंनी विचारलं, "पण सगळं पुसून टाकता येतं ना?" येतं. म्हणून लेखी नियम केला की लॅपटॉप हरवल्यावर किंवा माणूस काम सोडून गेल्यावरच पुसायचा, आणि सोडून जाणाऱ्याला घरचे फोटो काढून घ्यायला आधी वेळ द्यायचा. यंत्र कंपनीचं असलं तरी ते त्यांच्या घरात असतं. स्क्रीनचे फोटो काढणारी, माउस किती हलला ते मोजणारी सॉफ्टवेअरं विकायला लोक येतात. मी त्यांना चहा पाजून परत पाठवतो.

एकदा एक लॅपटॉप प्रवासात गेलाच. पुसण्याची आज्ञा आम्ही लगेच दिली, पण यंत्र इंटरनेटला लागल्याशिवाय ती पोचत नाही, हे विक्रीवाले सांगत नाहीत. आधार होता तो बिटलॉकरचा. डिस्क कुलूपबंद, आणि तिची ४८ आकडी किल्ली आमच्या क्लाउड खात्यात. त्या लॅपटॉपवर दोन कंपन्यांचे पॅन आणि पगाराचे आकडे होते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यापासून गिऱ्हाइकं एन्क्रिप्शनबद्दल, म्हणजे या कुलूपबंदीबद्दल, लेखी विचारू लागली आहेत. उत्तरादाखल इंट्यूनमधून यंत्रांची यादीच काढून पाठवता येते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार संपला तेव्हाही त्याच यादीतून टीपीएम २.० ही विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-चिप नसलेली यंत्रं निवडून बदलली.

आता फोन. ते ज्याचे त्याचे आहेत, त्यामुळे पूर्ण ताबा घ्यायचा प्रश्नच नाही. फक्त मेलच्या अ‍ॅपला वेगळा पिन, आणि काम सोडल्यावर तेवढाच मेल पुसला जातो. ज्यांना तेही नको त्यांनी फोनवर मेल घेऊ नये, एवढं सांगितलं. काहींनी घेतलेला नाही. त्यांना रात्री काही विचारायचं तर मला फोन लावावा लागतो, आणि तो उचलला जातोच असं नाही.